चारकोलमधली पावसाळी संध्याकाळ: या चुका टाळा

जुलैत संध्याकाळी सातच्या सुमारास कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर गेलात, तर तिथला दगडी संध्यामठ अर्धा पाण्यात असतो आणि उरलेला अर्धा धुक्यात. पलीकडची झाडी नुसती जाणवते. हे बघून आलेला माणूस घरी येऊन कागदावर पहिल्यांदा करतो ते म्हणजे काळं, आणखी काळं. चित्र उदास होत नाही, मळतं.

गूढपणा काळ्यात नसतो, करड्यात असतो. म्हणून आधी विलो चारकोलची (विलोच्या काटक्यांच्या मऊ कोळशाची) कांडी आडवी धरून अख्खा कागद हलका माखा आणि सुती फडक्याने पुसून मध्यम करडा करा. मग डोळे बारीक करून बघा, सर्वांत उजळ जागा कुठली? ती एकदा ठरली की तिच्यावर कुणाला चढू द्यायचं नाही. गडद काळा फक्त जवळच्या घाटाच्या पायरीला द्या, मठ त्याहून फिका, झाडी त्याहूनही फिकी. हा उतरता क्रम चुकला की धुकं गेलंच.

काठावरच्या दिव्याचं पाण्यातलं प्रतिबिंब पांढऱ्या खडूने काढू नका, ते वर चिकटवल्यासारखं दिसतं. नीडेड रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं खोडरबर, मळून त्याला टोक काढा, करड्यावर टेकवा आणि उचला. घासायचं नाही. दोन-तीनदा टेकवलं की खालचा कागद हळूहळू उजळतो, आणि पाण्यात दिवा लागतो. हे पाहताना मला आजही आनंद होतो.

काळा पटकन मिळतो म्हणून सुरुवातीलाच कॉम्प्रेस्ड चारकोल, म्हणजे कोळशाची पूड दाबून केलेली कांडी, घेतात. त्यात चिकटवणारं द्रव्य असतं, तो नीट पुसला जात नाही. तो शेवटी, दोनच ठिकाणी. आधीच लावून बसला असाल तर खोडत बसू नका, कागदाचे तंतू उठतील. रबराने येईल तेवढं उचला आणि बाकीचं चित्र त्या काळ्याला जुळवून घ्या.

बोटाने घोटण्याची सवय मोडा. बोटांचं तेल कागदाला लागतं आणि तिथे डाग धरतो. शिवाय सगळंच घोटलं की मठाचा दगडही कापसासारखा दिसतो. धुक्याकडच्या कडा विरू द्या, पण पाण्याला टेकणारी एक तरी कड धारदार ठेवा.

गुळगुळीत कागदावर चारकोल ठरत नाही, थोडा खरखरीत घ्या. आपल्याकडच्या पावसात तो सर्दावतोही. प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा.

छटा ओळखता येत नसतील तर आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचे फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. १९३१ साली वारलेल्या या चित्रकाराने कोल्हापूरची पाणथळं आयुष्यभर रंगवली. रंग काढून टाकला की प्रकाश कुठून कुठे सरकतो ते उघडं दिसतं.

फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर पक्का धरून ठेवणारा फवारा, मारताना मी एक चांगलं चित्र घालवलंय. घाईत जवळून एकच जाड फवारा मारला आणि मोठ्या कष्टाने फिकी ठेवलेली झाडी मठाइतकीच काळवंडली. फिक्सेटिव्हने छटा थोड्या गडद होतातच, म्हणून दूरचं सगळं मुळातच एक पायरी फिकं ठेवा. हातभर अंतरावरून, खिडक्या उघडून, दोन-तीन पातळ हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. दिवा त्याआधीच उचलून ठेवलेला हवा, नंतर तो निघत नाही.