डिजिटल निसर्गचित्रात आकाशाला पट्टे पडत होते, ते असे गेले

क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये संध्याकाळचं आकाश रंगवलं की डोंगरांच्या वर आडवे पट्टे दिसायचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) मारला, रंग फासणाऱ्या स्मज ब्रशने घासलं, कॅनव्हास दुप्पट केला, पट्टे तिथेच. दोन रात्री गेल्या, चिडचिड झाली.

दोष हाताचा नव्हताच. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा) फिकट ते गडद अशा २५६च पायऱ्या. माझ्या आकाशात वरपासून खालपर्यंत फरक जेमतेम ३० पायऱ्यांचा, उंची २००० पिक्सेल; म्हणजे एकेक पट्टा साधारण ६५ पिक्सेलचा. मधली छटाच नाही, तर ब्लर तरी काय करणार?

आधी इमेज मेनूतून कलर स्पेस बदलून १६ बिट इंटिजर केलं, म्हणजे पायऱ्या खूप वाढल्या. एवढ्याने जुने पट्टे जात नाहीत (मी इथेच फसलो होतो), म्हणून आकाशाचा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) पुसून नव्याने ओढला. मग आकाशावर नवा लेयर (चित्राचा वेगळा थर), त्यात मधला करडा रंग भरून रँडम नॉइज फिल्टर (पट्ट्यांच्या कडा मोडणारे विस्कळीत बारीक ठिपके), ब्लेंड मोड, म्हणजे थर खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत, ओव्हरले, अपारदर्शकता ५ टक्के. सगळे लेयर एकत्र केले आणि त्यानंतरच ८ बिटमध्ये उतरवलं. नॉइज वगळला तर इथे पट्टे परत येतात.

तपासणी १०० टक्के झूमवरच करा.