‘सर्व निवडा’ चेकबॉक्स जोडताना या चुका टाळा

वेबपानावरच्या यादीतले सगळे चेकबॉक्स एकाच टिकेने निवडणारी ‘सर्व निवडा’ची सोय म्हणजे पाच ओळींचे काम, असे समजून नवशिके कुठून तरी कोड उचलतात आणि पहिल्या क्लिकला तो चालला की पुढच्या कामाला लागतात. ही घाई मला फार खटकते, कारण या सोयीतले दोष बहुधा पहिल्या क्लिकला दिसतच नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पानावरचे सगळे चेकबॉक्स सरसकट गोळा करणे. एका कार्यालयासाठी केलेल्या अर्जांच्या यादीत मीच ती केली होती. तिथल्या कर्मचाऱ्याने फिल्टर लावला, समोर दिसणारे १२ अर्ज नीट तपासले, ‘सर्व निवडा’वर टिक केली आणि ‘रद्द करा’ दाबले. परंतु फिल्टरने ओळी फक्त नजरेआड केल्या होत्या, त्यांचे चेकबॉक्स फॉर्ममध्येच होते, त्यामुळे ३००हून अधिक अर्ज रद्द झाले. बॅकअपमधून ते परत आणण्यात सारी रात्र गेली. तेव्हापासून मी चेकबॉक्सचा शोध त्या यादीपुरताच ठेवतो, लपलेले व डिसेबल्ड (टिक करता न येणारे) चेकबॉक्स वगळतो आणि बटणावर ‘१२ अर्ज रद्द करा’ असा आकडा दाखवतो.

दुसरी चूक जुन्या कोडमधून येते. चेक्ड हे ॲट्रिब्यूट, म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेला गुणधर्म, चेकबॉक्सची केवळ सुरुवातीची स्थिती ठरवते. वापरणाऱ्याने एकदा टिक केली किंवा काढली की ॲट्रिब्यूट बदलून काहीही हलत नाही, तिथे प्रॉपर्टी, म्हणजे चेकबॉक्सची त्या क्षणीची स्थिती, हीच बदलावी लागते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.६ आवृत्तीत प्रॉपर्टी बदलणारी प्रॉप ही पद्धत २०११ सालीच आली, तरी ॲट्रिब्यूट बदलणारी ॲटर ही पद्धत लिहिलेले तुकडे आजही जसेच्या तसे चिकटवले जातात.

स्क्रिप्टने टिक केल्यास चेंज इव्हेंट (बदल झाल्याची ब्राउझरची सूचना) आपोआप येत नाही, म्हणून त्यावर विसंबलेला बटणावरचा आकडा जुनाच राहतो.

सगळे नव्हे, तर फक्त काही चेकबॉक्स निवडलेले असतील तर मुख्य, म्हणजे ‘सर्व निवडा’चा, चेकबॉक्स अर्धवट दिसायला हवा. ती इंडिटरमिनेट स्थिती एचटीएमएलमधून देता येत नाही, स्क्रिप्टमधूनच द्यावी लागते. मी मोजणीचे एकच फंक्शन लिहितो आणि प्रत्येक बदलानंतर, पान उघडताना व रिसेटनंतर तेच चालवतो. रिसेट इव्हेंट फॉर्म पूर्ववत होण्याआधी येतो, त्यामुळे तिथे मोजणी सेटटाइमआउट या काम लांबवणाऱ्या फंक्शनने किंचित पुढे ढकलावी लागते. यादी रिकामी असताना ‘सगळे निवडलेले आहेत का’ हे तपासणारी एव्हरी ही पद्धत ‘ट्रू’ (होय) देते आणि मुख्य चेकबॉक्सवर उगीचच टिक दिसते, म्हणून शून्याची तपासणी आधी करावी. मुख्य चेकबॉक्सला नेम हे ॲट्रिब्यूट देऊ नये, अन्यथा टिक असताना त्याचे ‘ऑन’ हे मूल्यही सर्व्हरकडे जाते.