शिवराईवरची अक्षरे फोटोत कशी उमटली

साताऱ्याच्या घरी आजोबांच्या डबीत मिळालेल्या शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या जुन्या तांब्याच्या नाण्याचा, मोबाइलच्या फ्लॅशने काढलेला फोटो निव्वळ सपाट आला. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे पुसल्यासारखीच दिसत होती. फ्लॅश बंद करून, कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर ठेवून, टेबलावरचा दिवा मी डावीकडून हळूहळू खाली आणत गेलो, तेव्हा साधारण १५ अंशांवर झिजलेल्या उठावाच्या बारीक सावल्या पडल्या आणि अक्षरे वाचता आली. (नाणे घासून उजळण्याचा मोह टाळला, हे बरेच झाले, तांब्यावरचा जुना थर गेला की परत येत नाही.)

१८४० च्या चांदीच्या रुपयावर मात्र हाच प्रकाश झगमगला, म्हणून दिव्यापुढे बटर पेपर धरून दिवा थोडा उंचावला.