मालमत्ता एजंटाने ग्राहकाशी असलेली कर्तव्ये कशी पाळावीत

आपण कोणाच्या बाजूने काम करतो हे एजंटाने पहिल्याच भेटीत स्पष्ट करावे आणि लेखी द्यावे. विक्रेत्याचा एजंट जागा दाखवताना आपुलकीने बोलतो, तेव्हा खरेदीदार त्याला आपलाच माणूस समजतो आणि आपले बजेट, आपली घाई सारे त्याला सांगून बसतो. म्हणूनच 'मी विक्रेत्याचे काम पाहतो' हे वाक्य बोलणी सुरू होण्याआधीच यायला हवे. दोन्ही बाजूंचे काम करणे कायद्याला मान्य असेल, तरी त्यासाठी दोघांची लेखी संमती घ्यावी आणि कोणाकडून किती दलाली मिळणार तेही दोघांना कळवावे. माझ्या मते मात्र घासाघीस सुरू झाली की एकाच माणसाला दोघांचे हित राखणे जमत नाही.

खरा पेच दलालीतच असतो. दलाली दोन टक्के असेल, तर किंमत वाढवून मिळालेल्या दर शंभरातले अठ्ठ्याण्णव विक्रेत्याचे आणि दोनच एजंटाचे असतात, त्यामुळे आहे त्या किमतीत सौदा उरकण्याचा मोह होतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील घरविक्रीचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एजंटांची स्वतःची घरे ग्राहकांच्या घरांपेक्षा सुमारे 3.7 टक्के जास्त किमतीला विकली गेल्याचे आणि सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात राहिल्याचे आढळले. तेव्हा 'ही किंमत घ्या' असे सुचवण्यापूर्वी, जागा आपली असती तर आपण थांबलो असतो का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. आलेला प्रत्येक प्रस्ताव, तो कितीही कमी रकमेचा असला तरी, विलंब न लावता ग्राहकापुढे ठेवावा. नकार देण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.

गोपनीयता आणि लपवाछपवी यांत गल्लत होऊ देऊ नये. विक्रेता किती खाली उतरेल, तो कर्जामुळे विकतो आहे की घटस्फोटामुळे, हे सौदा संपल्यानंतरही बाहेर जाता कामा नये. 'शेवटची किंमत काय?' या प्रश्नाला 'तुमचा प्रस्ताव द्या, मी पोहोचवतो' एवढेच उत्तर योग्य. भिंतीतली ओल ही मात्र मालकाची खासगी बाब नव्हे. जागा दाखवण्याच्या आदल्या दिवशी ओलीवर रंग मारून घ्या असा सल्ला देणारा एजंट खरेदीदाराला फसवतोच, शिवाय पुढे होणाऱ्या दाव्यात आपल्याच ग्राहकाला अडकवतो. दोष लेखी नोंदवून किंमत त्यानुसार ठरवावी असे विक्रेत्याला समजावून सांगावे, आणि त्याने ऐकले नाही तर काम सोडावे.

इसाराची रक्कम स्वतःच्या खात्यात कधीही मिसळू नये. मालकी हक्क किंवा कर यांविषयी अंदाजाने बोलण्याऐवजी ग्राहकाला वकिलाकडे किंवा कर सल्लागाराकडे पाठवावे, आणि त्या शिफारशीबद्दल आपल्याला काही मोबदला मिळत असेल तर तो आधीच सांगावा.