कृत्रिम रक्तवाहिनीला एंडोथेलियल पेशींचे अस्तर कसे द्यावे

सहा मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या कृत्रिम रक्तवाहिन्या लवकर बुजतात, कारण त्यांच्या टेफ्लॉनच्या उघड्या पृष्ठभागावर रक्त गोठते. नैसर्गिक रक्तवाहिनीच्या आत असलेला एंडोथेलियल पेशींचा एकपदरी थर मात्र नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना चिकटू देत नाही. हा थर प्रयोगशाळेत वाढवून नळीत बसवता येतो.

हात बसण्यासाठी प्रसूतीनंतरची नाळ सर्वांत सोयीची. १९७३ साली जाफी आणि सहकाऱ्यांनी नाळेच्या शिरेतून पेशी मिळवण्याची जी पद्धत मांडली, तीच थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. आईची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची परवानगी आधी घ्यावी, आणि नाळ संसर्गजन्य आहे असे धरूनच ती हाताळावी.

नाळेच्या छेदात दोन अरुंद, जाड भिंतीच्या धमन्या आणि एक रुंद, पातळ भिंतीची शीर दिसते. चिमट्याने दबलेला भाग कापून टाकून शिरेत बोथट कॅन्युला बसवावी आणि बाहेर येणारे द्रावण स्वच्छ दिसेपर्यंत बफर सलाइनने शीर धुवावी. मग ०.१ टक्के कोलॅजिनेज (पेशींना धरून ठेवणारे कोलॅजन तोडणारे विकर) भरून दोन्ही टोके बंद करावीत आणि नाळ ३७ अंश सेल्सिअसला दहा ते पंधरा मिनिटे ठेवावी. येथे घड्याळाकडे लक्ष हवे: वेळ वाढली की खालच्या थरातील स्नायुपेशीही सुटतात आणि पुढे त्याच फ्लास्क व्यापतात. जास्त पेशींच्या मोहापेक्षा थोड्या पण शुद्ध पेशी केव्हाही बऱ्या.

नाळ हलकेच चोळून द्रावण सीरमयुक्त मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रावणात) घ्यावे, सेंट्रिफ्यूज करावे आणि पेशी फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला मदत करणारे प्रथिन) किंवा जिलेटिन लावलेल्या फ्लास्कमध्ये सोडाव्यात. मीडियममध्ये २० टक्के सीरम, हेपारिन आणि एंडोथेलियल वाढघटक असावेत. दुसऱ्या दिवशी तरंगणाऱ्या रक्तपेशी धुऊन काढाव्यात व पुढे दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलावे. फरसबंदीसारखा सलग, एकपदरी थर दिसला आणि सीडी३१ व व्हॉन विलेब्रँड घटक या एंडोथेलियल पेशींच्या ओळखखुणांची चाचणी सकारात्मक आली, तर पेशी योग्य आहेत. लांबट पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसल्यास तो फ्लास्क नळीसाठी वापरू नये. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची चाचणी चुकवू नये, आणि पेशी पाचव्या पॅसेजच्या (एका फ्लास्कमधून नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीच्या) आतच वापराव्यात.

टेफ्लॉन पाण्याने भिजत नाही. म्हणून नळी आधी इथेनॉलने ओली करून सलाइनने नीट धुवावी आणि मगच तिच्यात फायब्रोनेक्टिन भरून तासभर ठेवावी. आत बुडबुडा राहिला की तेवढी जागा उघडी राहते. पेशींचे गणित सोपे आहे: चार मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत एका मिलिलिटरमागे दहा लाख पेशींचे द्रावण भरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक लाख पेशी मिळतात. पेशी गुरुत्वाकर्षणाने तळाशीच बसतात, म्हणून पहिले दोन तास नळी ठरावीक वेळाने पाव फेरी फिरवत राहावे.

खरी कसोटी प्रवाहाची असते. स्थिर मीडियममध्ये वाढलेल्या थरावर एकदम धमनीइतका, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा-पंधरा डाइनचा (डाइन हे बलाचे एकक) घर्षणाचा ताण दिल्यास पेशी वाहून जातात. म्हणून पंप जोडून एक डाइनच्या आसपास सुरुवात करावी आणि दोन-तीन दिवसांत ताण हळूहळू वाढवावा. त्या काळात पेशी स्वतःची पकड घट्ट करतात आणि प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. शेवटी नमुन्याच्या नळीचा तुकडा कापून, रंगवून, थर कोठे फाटला आहे का ते पाहावे. विशेषतः टोकांकडे लक्ष द्यावे.

नाळेच्या पेशी संशोधनापुरत्याच ठेवाव्यात, कारण परक्या पेशींवर रुग्णाची प्रतिकारशक्ती हल्ला करते. व्हिएन्नातील डॉइच आणि झिल्ला यांच्या गटाने १९८९ पासून पायाच्या धमनीच्या बायपाससाठी रुग्णाच्याच शिरेतील पेशी वाढवून, फायब्रिनचा (रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचा) लेप दिलेल्या नळ्यांना अस्तर दिले. पेशी पुरेशा वाढेपर्यंत काही आठवडे लागत असल्याने तातडीच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत वापरता येत नाही.