लहान स्वयंपाकघरासाठी रेट्रो धाटणीचा मायक्रोवेव्ह निवडताना

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील मध्यम आकाराच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर ठेवलेली वस्तू दिवसभर डोळ्यांसमोर असते, आणि ज्या घरात हॉल व स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढलेली असते तिथे तर ती पाहुण्यांच्याही नजरेत येते. त्यामुळे काळ्या काचेच्या चौकोनी मायक्रोवेव्हऐवजी फिकट हिरव्या किंवा सायीच्या रंगाचा, गोल डायलचा आणि चकचकीत मुठीचा लहान मायक्रोवेव्ह घ्यावा असे वाटणे अगदी रास्त आहे. मात्र निवड करताना आधी जागा पाहावी, मग विजेचा पॉइंट, मग यंत्राचे पोट, दार व डायल, आणि रंग सर्वांत शेवटी. मोबाइलवर आपण नेमके उलट्या क्रमाने पाहतो, आणि यंत्र घरी आल्यावर ते ओट्याच्या पुढे चार बोटे डोकावू लागते.

या रूपाचा इतिहास थोडक्यात माहीत असलेला बरा, कारण त्यावरून जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे हे ठरवता येते. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीत काम करणारे पर्सी स्पेन्सर यांच्या १९४५ च्या सुमारास लक्षात आले की रडारसाठी बनवलेल्या मॅग्नेट्रॉनमुळे, म्हणजे सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीमुळे, अन्नही तापते. १९४७ मध्ये आलेले पहिले व्यावसायिक यंत्र माणसाच्या उंचीचे आणि तीनशे किलोंहून जड होते. घरातल्या ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह अमाना कंपनीने १९६७ मध्ये आणला. म्हणजे १९५० च्या दशकातल्या घरांत असा मायक्रोवेव्ह नव्हताच. आजच्या रेट्रो यंत्राने आपले गोलसर कोपरे, क्रोमची पट्टी आणि रंग त्या काळच्या फ्रिज, रेडिओ आणि मोटारींकडून घेतले आहेत, आतली यंत्रणा मात्र आजच्या कोणत्याही साध्या मायक्रोवेव्हची असते. रोजच्या वापरात खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, फिरवायचे डायल आणि ओढायची मूठ, आणि म्हणून पुढे त्यांच्याबद्दल अधिक सांगितले आहे.

जागेचे माप घेताना तीनही दिशांनी घ्यावे. वीस लिटरच्या यंत्राची खोली साधारण पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर असते, पण जाहिरातीत दिलेल्या मापात पुढे आलेली मूठ धरलेली असेलच असे नाही. तिचे चार-पाच सेंटिमीटर वेगळे मोजावेत. मागच्या बाजूला गरम हवा बाहेर पडण्यासाठी आणि प्लगची वायर वळण्यासाठी दहा सेंटिमीटर सोडावे लागतात. ही बेरीज पन्नास ते पंचावन्न सेंटिमीटरपर्यंत जाते. ओटा साठ सेंटिमीटर खोल असेल तर हे जेमतेम बसते. जुन्या सिडको वसाहतींतल्या घरांतले कडाप्प्याचे ओटे अनेकदा त्याहून अरुंद असतात, तिथे आधी टेप लावूनच पाहावे. वरच्या बाजूला वीस सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि नेमका आकडा त्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. हे अंतर न ठेवता यंत्र बंद कपाटात किंवा ट्रॉलीच्या खणात कोंबले तर मॅग्नेट्रॉन तापतो, संरक्षक स्विच यंत्र मध्येच बंद पाडतो आणि आयुष्यही कमी होते.

बहुतेक सर्व मायक्रोवेव्हचे दार डाव्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. यंत्राची डावी बाजू भिंतीला लागून असेल तर दार नव्वद अंशांच्या थोडे पुढे जाऊन मुठीसह भिंतीवर आपटते, आणि रेट्रो यंत्राची मूठ जाड असल्याने ते नेहमीच्या यंत्राआधीच अडते. दार पुरते उघडले नाही तर आतली काचेची थाळी धुण्यासाठी काढताना तिरकी करावी लागते. म्हणून एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचे असेल तर डावा कोपरा टाळावा, आणि उजव्या हाताला गरम भांडे टेकवण्यापुरती जागा ठेवावी.

फ्रिजवर मायक्रोवेव्ह ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु ती मला मान्य नाही. गरम आमटीचे भांडे डोक्याच्या उंचीवरून उतरवणे घरातल्या कोणालाही धोक्याचे आहे, वयस्कर माणसांना तर विशेषच. घोडबंदर रोडच्या बाजूच्या नव्या इमारतींत ड्राय बाल्कनी असते आणि जागा वाचवण्यासाठी यंत्र तिथे नेण्याचा मोह होतो. पावसाळ्यातले चार महिने तिथे येणारे शिंतोडे आणि दमट हवा वीजजोडणीला आणि पत्र्याला दोन्हींना घातक आहेत.

विजेच्या पॉइंटची बाब बहुतेक जण यंत्र घरी आल्यावर पाहतात, तेव्हा उशीर झालेला असतो. यंत्रावर लिहिलेले सातशे वॅट ही अन्नाला मिळणारी शक्ती असते; भिंतीतून यंत्र साधारण हजार ते बाराशे वॅट ओढते. २३० व्होल्टवर हे पाच अँपिअरच्या आसपास येते, आणि म्हणून मिक्सरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर ते चालेलही, पण त्याच जोडणीवर मिक्सर किंवा इंडक्शन असेल तर एमसीबी, म्हणजे भार वाढल्यावर वीज आपोआप तोडणारा स्विच, पडेल. यंत्राला जाड पिनांचा प्लग असेल तर तो लहान पॉइंटमध्ये बसवण्यासाठी अ‍ॅडॉप्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नये. वायरमनला बोलावून सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट करून घ्यावा आणि त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्यावे. विजेच्या बिलाची काळजी मात्र करण्याचे कारण नाही: रोज दहा मिनिटे वापर झाला तरी महिन्याला सहा युनिटच्या आसपास वीज लागते.

आता यंत्राचे पोट. चौघांच्या घरात भात, वरण, भाजी गरम करणे, दूध कोमट करणे, बटाटे उकडणे, पापड भाजणे एवढीच कामे असतील तर वीस लिटरचा सोलो, म्हणजे फक्त लहरींनी तापवणारा, मायक्रोवेव्ह पुरतो. परदेशी माहितीत हेच माप ०.७ घनफूट असे दिलेले असते. केक आणि नानकटाई करायची असेल तर कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवा खेळवून भाजणारा मायक्रोवेव्ह लागतो, तो बराच मोठा असतो आणि रेट्रो रूपात क्वचितच मिळतो. अशा घराने लहान सोलो घेऊन वेगळा ओटीजी (भाजण्याचा विजेचा ओव्हन) ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लिटरच्या आकड्यापेक्षा आतल्या फिरत्या थाळीचा व्यास जास्त कामाचा आहे. तो लहान यंत्रांत साधारण पंचवीस सेंटिमीटर असतो. काचेच्या भांड्याचे दोन्ही कान धरून सर्वांत लांब बाजू मोजावी, कारण भांडे फिरताना तेच कान आतल्या भिंतींना अडतात आणि थाळी जागच्या जागी कुरकुरत राहते. थाळी फिरणे आवश्यक आहे: या लहरींची लांबी बारा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पोटात काही जागा जास्त तापतात, काही कमी.

डायल निवडताना ते खरोखर यांत्रिक आहेत की केवळ तसे दिसतात, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. काही रेट्रो यंत्रांत गोल बटणामागे नेहमीचे इलेक्ट्रॉनिक पॅनेल असते. बटण फिरवले की पडद्यावर आकडे बदलतात आणि वीज गेली की घड्याळ पुन्हा लावावे लागते. अस्सल यांत्रिक डायलला घड्याळच नसते, आणि आजी-आजोबांना एक डायल ताकदीचा, एक वेळेचा एवढे सांगितले की पुरते. माझा कल यांत्रिक डायलकडे आहे. पण त्याच्या दोन सवयी समजून घ्याव्या लागतात.

पहिली सवय अशी की वेळेच्या डायलवर अर्ध्या तासापर्यंतच्या खुणा असल्याने पहिली दोन मिनिटे अगदी थोड्या जागेत कोंबलेली असतात. पापडाला लागणारी चाळीस सेकंदे तिथे नेमकी लावता येत नाहीत. डायल आधी दोन मिनिटांच्या पुढे फिरवून मग हव्या त्या खुणेवर मागे आणावा, म्हणजे त्याची पकड नीट बसते, आणि कमी वेळाच्या पदार्थांसाठी नजर डायलवर न ठेवता पापडावर ठेवावी. दुसरी सवय अधिक गंभीर आहे. दार मध्येच उघडून भांडे काढून घेतले आणि डायल शून्यावर आणला नाही, तर दार लावताच यंत्र उरलेला वेळ रिकामेच चालू लागते. काही यंत्रांत मध्ये वीज जाऊन परत आली तरी असेच होते. रिकाम्या यंत्रातल्या लहरींना शोषून घ्यायला अन्न नसते आणि त्याचा ताण मॅग्नेट्रॉनवर येतो. घरातल्या प्रत्येकाला, मदतीला येणाऱ्या मावशींनाही, भांडे काढल्यावर डायल शून्यावर आणण्याची सवय लावावी. खरेदीच्या वेळी डायल शून्याकडे उलटा फिरतो का हेही पाहून घ्यावे.

मूठ हाताने ओढून पाहावी. ती पत्र्यात बोल्टने बसवलेली असावी, नुसती चिकटवलेली नसावी, आणि दार लावल्यावर वर-खाली हलू नये. दार चौकटीला सपाट टेकणे ही सुरक्षिततेची बाब आहे: आंतरराष्ट्रीय मानकानुसार यंत्रापासून पाच सेंटिमीटर अंतरावर लहरींची गळती प्रति चौरस सेंटिमीटर पाच मिलीवॅटच्या वर जाता कामा नये, आणि वाकलेले दार किंवा सैल बिजागरी हीच मर्यादा मोडू शकते. जागा बदलताना यंत्र कधीही मुठीला धरून उचलू नये.

भारतात विकल्या जाणाऱ्या मायक्रोवेव्हला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. यंत्रावरील पट्टीवर मानकचिन्हासोबत आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. रेट्रो यंत्रांच्या बाबतीत हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पसंत पडलेला रंग इथे मिळाला नाही की अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा विचार पुढे येतो. तो सोडून द्यावा. तिथली यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेली असतात, आपला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. व्होल्टेज उतरवणारा मोठा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत. यंत्रातला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि वेळेचा डायल विजेच्या मोटरवर चालणारा असेल तर तो हळू फिरतो. ब्रिटनमधील यंत्र आपल्या विजेवर चालू शकते, पण वॉरंटी आणि सुटे भाग इथे मिळत नाहीत.

रंग आणि मुलामा शेवटी पाहावा, पण बारकाईने पाहावा. सायीच्या रंगाच्या प्लास्टिकवर हळदीचा डाग बसला की तो पुरता निघत नाही. म्हणून फिकट रंग हवा असेल तर पुढची चौकट रंगवलेल्या पत्र्याची आणि गुळगुळीत असलेली घ्यावी, खरखरीत पृष्ठभाग टाळावा. गॅसपासून यंत्र दूर ठेवावे, कारण फोडणीची वाफ डायलभोवतीच्या खाचेत बसते आणि तिथे धूळ चिकटून काळी कड तयार होते. ही कड दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात भिजवून काढता येते. घासणीची तार मात्र क्रोमला लावू नये. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत क्रोमचा मुलामा टवका उडालेल्या जागेपासून सुटत जातो, त्यामुळे दुकानात मांडून ठेवलेला नग सवलतीत मिळत असला तरी त्याच्या कडा बोटाने चाचपून घ्याव्यात. पोटातला रंगही असाच जपावा लागतो. प्रत्येक वापरानंतर आतली वाफ पुसावी आणि दार पाच मिनिटे उघडे ठेवावे, नाहीतर तळाच्या कडेला गंज धरतो.

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये फिरताना रेट्रो यंत्रे फार दिसणार नाहीत. अनेकदा खरेदी ऑनलाइनच करावी लागते. अशा वेळी पैसे भरण्याआधी कंपनीच्या ग्राहकसेवेला आपला पिनकोड सांगून तंत्रज्ञ घरी येतो का, मॅग्नेट्रॉनची वॉरंटी किती वर्षांची आहे, आणि मूठ, डायल व काचेची थाळी सुटी मिळते का, हे विचारून घ्यावे. साध्या यंत्राची थाळी बाजारात सहज मिळते, रेट्रो यंत्राचा डायल तुटला तर तसाच दुसरा मिळणे अवघड. झुरळांमुळे झालेले नुकसान वॉरंटीत बहुधा धरले जात नाही, तेही अटींत वाचून घ्यावे.

यंत्र घरी आले की खोके लगेच फेकू नये. आतल्या उजव्या भिंतीवर बहुधा मायक्याचा (अभ्रकाचा) करड्या रंगाचा चौकोनी तुकडा असतो. तो पॅकिंग समजून काढू नये. काचेच्या भांड्यात एक लिटर साधे पाणी घेऊन स्वयंपाकाच्या थर्मामीटरने त्याचे तापमान पाहावे, ताकद पूर्ण ठेवून मोबाइलच्या घड्याळाने नेमके एक मिनिट यंत्र चालवावे, पाणी ढवळावे आणि पुन्हा तापमान घ्यावे. प्रत्येक अंशामागे साधारण सत्तर वॅट धरावेत. सातशे वॅटच्या यंत्रात दहा अंशांच्या जवळपास वाढ दिसावी, आणि भांडे स्वतःही थोडी उष्णता घेत असल्याने आठ-नऊ अंश आले तरी ठीक; पाच-सहाच आले तर त्याच मिनिटात घरातले व्होल्टेज पडले नव्हते ना हे पाहून चाचणी पुन्हा करावी, आणि उत्तर तेच आले तर बदलीची मुदत संपण्याआधी तक्रार नोंदवावी.