रिलीजचं बटण दाबण्याआधी

वेबसाइट बिघडली तर सर्व्हरवर दुरुस्त करून मोकळं होता येतं. डेस्कटॉप अ‍ॅप एकदा लोकांच्या मशीनवर उतरलं की परत मागवता येत नाही.

पहिल्यांदा व्हर्जन नंबर. २.४.०-बीटा.२ हा (बीटा म्हणजे चाचणीसाठी थोड्यांना आधी दिलेली आवृत्ती) २.४.० च्या आधीचा, हे आपल्या अपडेटरला कळतंय का ते चालवून बघा. नंबर अक्षरांसारखे ताडून बघणारा अपडेटर २.१० ला २.९ पेक्षा जुना समजतो आणि अपडेट देतच नाही. एमएसआय (विंडोजची इन्स्टॉल फाइल) बनवत असाल तर विंडोज इन्स्टॉलर नंबरचे पहिले तीनच भाग बघतो, हे ध्यानात ठेवा.

बीटाचं अपडेट फीड (अपडेटर नवी आवृत्ती जिथे शोधतो ती यादी) वेगळं, आयकॉन वेगळा आणि डेटाचा फोल्डरही वेगळा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. बीटाने डेटाबेसचा स्कीमा (डेटाची रचना) बदलला आणि दोन्ही आवृत्त्या एकाच फाइलवर चालत असल्या, तर बीटा काढून जुन्यावर परतणाऱ्याला स्वतःचीच फाइल उघडत नाही. मायग्रेशनआधी, म्हणजे फाइल नव्या रचनेत नेण्याआधी, तिची प्रत निघते का, आणि ती प्रत जुन्या आवृत्तीत खरंच उघडते का, हे स्वतः करून बघा. बीटा वापरणारी माणसं स्वतःचं खरं काम आपल्या भरवशावर सोडतात.

मग साइनिंग, म्हणजे अ‍ॅप आपलंच आहे हे सांगणारी डिजिटल सही. जून २०२३ पासून कोड साइनिंगची खासगी की (सहीची गुप्त किल्ली) यूएसबी टोकनसारख्या हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. ते टोकन आज कोणाच्या खणात आहे, विचारून घ्या. सहीवर टाइमस्टँप (सही केल्याच्या वेळेची नोंद) हवाच, म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपली तरी ती सही ग्राह्य राहते. मॅकसाठी नोटरायझेशन, म्हणजे अ‍ॅपलकडून अ‍ॅप तपासून घेणं.

इन्स्टॉलर कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर चालवा. डेव्हलपरच्या मशीनवर अ‍ॅप चालायला लागणाऱ्या सगळ्या रनटाइम लायब्ररी आधीच असतात, त्यामुळे तिथे चाललं याला फारसा अर्थ नाही. अपडेट मागच्या प्रॉडक्शन (सगळ्यांना दिलेल्या) आवृत्तीवरून तर तपासाच, पण वर्षभर अपडेट न केलेल्या आवृत्तीवरूनही तपासा. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये या आवृत्तीला टॅग लावा. त्या बिल्डच्या पीडीबी फाइली (मेमरीचे पत्ते कोडमधल्या नावांशी जोडणाऱ्या) जपून ठेवा, नाहीतर क्रॅश रिपोर्टमध्ये नुसते पत्ते दिसतात.

प्रॉडक्शनला आधी थोड्याच लोकांना द्या, समजा ५ टक्के, आणि दिवसभर क्रॅशवर नजर ठेवा. गडबड दिसली तर फीड लगेच थांबवा. ज्यांच्याकडे २.४.० पोहोचलं त्यांना जुनाच कोड २.४.१ म्हणून पाठवता येतो. पण २.४.० ने स्कीमा बदलला असेल तर जुन्या कोडला ती फाइल वाचता येणार नाही. तेव्हा काय पाठवायचं, ते रिलीजच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवा.